शेवटून पळणाऱ्यांच्या नजरेतून: आपल्याकडच्या रोड आणि ट्रेल स्पर्धा

मागचा_बाक

पळण्यावरचे धागे इथं बरेच झालेत, पण बहुतेक 'हाफ (एकवीस किलोमीटर) दोन तासांच्या आत कशी मारावी' या वळणाचे. मला दोन तासांच्या आत मारायची नाही, येतही नाही. चाळिशीनंतर साखरेचा आकडा बघून पळायला लागलेल्या असंख्य लोकांपैकी मी एक. स्पर्धेत माझी जागा ठरलेली: शेवटच्या दहा-पंधरा टक्क्यांत. धावपटू अविनाश साबळेनं २०२० साली दिल्लीत हाफ मॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत संपवली. तेवढ्या वेळात मी सातव्या किलोमीटरच्या टेबलापाशी असतो आणि ग्लास उरलेत का ते बघत असतो.

या जागेवरून स्पर्धा वेगळी दिसते. जाहिरातीत मेडलचा फोटो असतो, टीशर्टचं कापड असतं, सुरुवातीचा झुंबा असतो. अडीच तासांनंतर रस्त्यावर काय शिल्लक असेल, ते कुठंच लिहिलेलं नसतं. साध्या धावकाची खरी ओढाताण तर तिथंच सुरू होते. ऊन चढलेलं, पोटऱ्यांत गोळे यायला लागलेले, जिभेला मीठ हवं. नेमकी तेव्हाच टेबलं आवरलेली असतात.

एका स्पर्धेत (नाव घेत नाही, आता ती भरतही नाही) सोळाव्या किलोमीटरनंतर पाणीच नव्हतं. टेबल होतं, टेबलाला फ्लेक्स होता, फ्लेक्सवर पाच-सहा मान्यवर हात जोडून हसत होते. रिकाम्या जारवर बसलेलं पोरगं म्हणालं, "पुढं मिळंल काका." पुढं एका रसवंतीवाल्यानं पाणी पाजलं, पैसे घेतले नाहीत. फिनिशला पोचलो तर वेळ नोंदवणारी चिपची चटई गुंडाळून टेम्पोत चढत होती. निकालात नावापुढे 'डीएनएफ', म्हणजे शर्यत पूर्ण केलीच नाही. मेडल मात्र मिळालं. पोत्यात भरपूर उरली होती. पोह्यांच्या पातेल्यात नुसत्या लिंबाच्या फोडी.

याच्या उलट सातारा. हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून भरते, २०१५ साली गिनीजमध्येही नाव गेलं. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर वळसा घेऊन परत. चढाचं सगळे बोलतात, पण मला विचाराल तर सातारा उतारावर घाम काढतो. चढताना माझ्या आजूबाजूचे सगळेच चालतात, कुणाला काही वाटत नाही. वळसा घेऊन खाली सुटलं की पाय आपोआप पळतात आणि मांड्या प्रत्येक पावलाला ब्रेक मारत असतात. त्याचं बिल दुसऱ्या दिवशी जिना उतरताना येतं. सरावाला नुसते चढ करून जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. उतरण्याचाही सराव लागतो, आणि तो हळूहळू वाढवावा लागतो.

पण मी साताऱ्याला जातो तो गावासाठी. परत शहरात शिरताना तीन तास व्हायला आलेले असतात, तरी लोक दारात उभे. ढोल चालू, लेझीम चालू, शाळेची पोरं हात पुढं करून टाळी मागतात. एकदा एक आजी ओट्यावर बसून येईल त्याला "आलं, आलं, आता गाव आलं" म्हणत होत्या. पहिल्या नंबरवाल्याला बहुधा हे ऐकूच आलं नसेल.

मुंबई मॅरेथॉनचा जानेवारीतला तिसरा रविवारही तसाच. पेडर रोडचा चढ साताऱ्याच्या माणसाला दाखवला तर हसेल. पण फुल (बेचाळीस किलोमीटर) पळणाऱ्याला तो पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे भेटतो, आणि तोवर साधा गतिरोधकही डोंगर वाटायला लागलेला असतो. तिथले रहिवासी संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटं घेऊन उभे असतात. हे आयोजकांच्या यादीतलं नसतं, लोक घरचं घेऊन येतात.

ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवरच्या स्पर्धेत, हिशेबच बदलतो. रोडवर शेवटचा धावक म्हणजे आयोजकांची अडचण, डोंगरात तीच त्यांची जबाबदारी. शेवटच्या माणसामागे स्वीपर असतो. त्याच्या मागे कुणी राहू शकत नाही, कारण तो कुणाला मागे राहू देत नाही. सिंहगडाच्या पलीकडच्या अंगाला एका ट्रेलमध्ये माझा स्वीपर गावातलाच पोरगा होता. पायात साध्या चपला, खांद्याला पिशवी, वाटेवरच्या खुणेच्या फिती सोडवून पिशवीत टाकत निवांत येत होता. एका घसाऱ्यावर मी बूड टेकून उतरत होतो, साहेब उभ्यानं शीळ घालत उतरले. मी म्हटलं, "माझ्यामुळे तुला उशीर होतोय." तर म्हणे, "मला काय उशीर, माझी म्हसरं याच डोंगरात हायेत. त्यांच्यापेक्षा तुम्ही बरं चालता." एवढी दाद मला रोडवर कुणी दिलेली नाही.

तर माझं म्हणणं असं: स्पर्धा कशी आहे हे जिंकणाऱ्याला विचारू नका, शेवटच्या अर्ध्या तासात आलेल्याला विचारा. तुमच्या गावच्या, जिल्ह्याच्या स्पर्धांचे असे अनुभव असतील तर टाका.

---

अनु_ठाणेकर

मस्त लिहिलंय! 'मान्यवर हात जोडून हसत होते' याला फुटले. :)

आमच्या ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनला पाण्याची अडचण नसते, ते वरूनच येतं. ऑगस्टमध्ये भिजत पळायची मजा वेगळी. फक्त मोजे दोन जोड न्या आणि पायाच्या बोटांना व्हॅसलीन चोपडा. ओल्या मोज्यात दहा किलोमीटर म्हणजे फोड येणारच.

---

धपाधप

लेख छान, पण मुद्दा पटला नाही. कट-ऑफ, म्हणजे स्पर्धा संपवायची मुदत, तीन तासांचा असेल आणि तुम्ही तीन-दहाला आलात तर चटई गुंडाळणारच ना? पोलीस रस्ता ठरावीक वेळेपर्यंतच बंद ठेवू देतात. पुढे अँब्युलन्स आहेत, दूधवाले आहेत, रविवारची परीक्षा द्यायला निघालेली पोरं आहेत. चार महिने सराव करून या, कट-ऑफच्या आत या, मग तक्रार करा. सगळ्यांना सामावून घ्यायच्या नादात स्पर्धेची सहल होते. हल्ली सेल्फीसाठी मध्येच थांबणाऱ्यांमुळे मागून येणाऱ्याचा पाय मुरगळतो, त्याबद्दलही लिहा की.

---

मागचा_बाक

@धपाधप, कट-ऑफच्या आत होतो, म्हणूनच बोललो. भानगड अशी आहे: बंदूक वाजते सहाला. पुढचे लगेच सुटतात. मागच्या गटातला माणूस सुरुवातीच्या चटईपर्यंत पोचेपर्यंत दहा-बारा मिनिटं जातात, गर्दी मोठी असेल तर जास्त. प्रमाणपत्रावर चटई ते चटई अशी चिपची वेळ येते, पण आवराआवर करणारा माणूस बंदुकीपासून मोजतो. म्हणजे तीन तासांतली ही मिनिटं मी एक पाऊलही न टाकता गमावलेली असतात. पोलिसांच्या परवानगीला माझा विरोध नाही. कट-ऑफ कुठून मोजणार ते नियमावलीत एका ओळीत लिहा, एवढंच.

सेल्फीवाल्यांबद्दल सहमत. रांग करून चौघं गप्पा मारत चालणाऱ्यांबद्दलही.

---

स्वयंसेवक_एक

मी पळत नाही, टेबलावर उभा राहतो. बरीच वर्षं. पाणी मागच्यांनाच का संपतं ते सांगतो.

हिशेब सरासरीनं होतो. इतके धावक, इतकी टेबलं, माणशी एक ग्लास, वर थोडं जादा. आता पुढचा धावक येतो तो ग्लास उचलतो, दोन घोट घेतो, उरलेला डोक्यावर ओततो. पेसरबरोबरचा (ठरावीक वेगानं पळून बाकीच्यांना सोबत नेणारा तो पेसर) मधला गट आला की एका मिनिटात टेबल साफ, त्या गडबडीत निम्मे ग्लास सांडतात. मागचा माणूस येतो तेव्हा ऊन असतं, तो थांबतो, दोन ग्लास पितो, तिसरा बाटलीत भरतो. त्याची गरज सर्वांत जास्त आणि वाट्याला उरलंसुरलं. पाणी सगळीकडे सारखं वाटणं हीच चूक. पंधराच्या पुढच्या टेबलांना पहिल्या टेबलांपेक्षा बरंच जादा लागतं. ज्यांनी एकदा टेबलावर उभं राहून बघितलंय त्यांना हे कळतं, नुसती निविदा काढणाऱ्यांना नाही.

दुसरं म्हणजे पोरं. टेबलावरची एनएसएसची मुलं पहाटे तीनला उठून आलेली असतात. नऊला त्यांना भूक लागते, नाश्ता असतो मैदानावर. ती निघून गेली की टेबल ओस. आम्ही दोन पाळ्या करतो आणि नाश्त्याची पाकिटं टेबलावरच पोचवतो. तेव्हापासून कुणी हलत नाही.

आणि कृपा करून ग्लास डब्यात टाका. डबा टेबलाच्या पुढे वीस पावलांवर मुद्दाम ठेवलेला असतो.

---

निशिगंधा

डॉक्टर आहे आणि हळू पळणारीही आहे, म्हणून एक भर. पाणी न मिळणं वाईटच, पण मागच्या धावकांना उलटा धोकाही असतो: जास्त पाणी पिण्याचा.

२००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त तपासलं होतं. त्यातल्या १३ टक्के लोकांत सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं. धोका कुणाला जास्त होता? ज्यांचं वजन पळून आल्यावर वाढलेलं होतं, म्हणजे घामावाटे गेलं त्यापेक्षा जास्त प्यायले होते, आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले होते त्यांना. कारण उघड आहे. पुढच्याला प्यायला सवडच नसते. मागचा प्रत्येक टेबलाला थांबतो, आणि सगळे त्याला 'पाणी प्या, पाणी प्या' सांगत असतात. मग डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते, बोलणं असंबद्ध होतं. लोकांना वाटतं उन्हाचा त्रास आहे, आणि त्याला आणखी पाणी पाजतात. ते जिवावर बेतू शकतं.

तहान लागेल तेव्हा आणि तेवढंच प्या. ओआरएसची पुडी अख्खी एक लिटर पाण्यात विरघळवा. चव वाढवायला अर्ध्या लिटरमध्ये घालू नका. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, खारे शेंगदाणे, हे सगळं चालतं. आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री किंवा सकाळी दुखण्यावरची गोळी 'आधीच घेऊन ठेवू' म्हणून घेऊ नका. त्या गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो आणि सोडियमचा घोळही वाढू शकतो.

---

टिकटिक

@निशिगंधा धन्यवाद, हे माहीतच नव्हतं.

एक प्रश्न. गेल्या महिन्यातल्या हाफमध्ये माझ्या घड्याळात २१.४ किलोमीटर आले. ग्रुपमध्ये कुणाचे २१.३, कुणाचे २१.५. आयोजकांनी रस्ता चुकीचा मोजला म्हणायचं का? तीनशे मीटर म्हणजे माझी दोन मिनिटं गेली राव.

---

मोजपट्टी

आला का हा प्रश्न! दर हंगामाला येतो.

हाफ म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. प्रमाणित मार्ग जीपीएसनं मोजत नाहीत, सायकलनं मोजतात. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं यंत्र लावतात, आधी टेपनं मोजलेल्या सरळ अंतरावर ते जुळवून घेतात, आणि मग वळणं आतल्या कडेनं, कडेपासून ३० सेंटिमीटरवरून घेत, शक्य तेवढ्या जवळच्या रेषेनं सायकल चालवतात. वर हजार मीटरला एक मीटर जादा धरतात, म्हणजे कुठल्याही परिस्थितीत मार्ग कमी भरू नये. हाफला हे जादा अंतर झालं २१ मीटर.

तुम्ही ती रेषा पळत नाही. वळणावर गर्दी असते म्हणून बाहेरून जाता, टेबल डावीकडे असतं म्हणून रस्ता ओलांडता, ओळखीचं कुणी दिसलं की पलीकडे जाता. त्यात उंच इमारतींमधून घड्याळाचा सिग्नल उड्या मारतो. २१.३ ते २१.५ हे अगदी नेहमीचं. घड्याळात बरोब्बर २१.१० आलं तर मला शंका येते की मार्ग आखूड आहे.

ट्रेलवर बऱ्याचदा उलटं होतं. नागमोडी वाटेचे कोपरे घड्याळ कापून टाकतं, त्यामुळे पळालात त्यापेक्षा कमी दिसतं.

अर्थात, आपल्याकडच्या कितीतरी स्पर्धा प्रमाणित नसतात. मोटारसायकलच्या मीटरवर मोजलेली '१० के' मी ८.७ ची बघितलेली आहे. तिथं सगळ्यांचे विक्रम होतात आणि सगळे खूश असतात.

---

कोल्हापुरी_ठसका

मागच्या बाकावरून दिसतं ते लिहिलंत, आता बायकांच्या बाजूनं दिसतं ते ऐका.

पहाटे साडेचारला स्टार्ट लाइनला बायकांची रांग कुठं असते? टॉयलेटला. चार फिरती टॉयलेट, त्यातलं एक कुलूपबंद 'व्हीआयपी'साठी. बंदूक वाजते तेव्हा मी रांगेतच असते, त्यामुळे चिपच्या वेळेचा मागचा_बाक यांचा मुद्दा आमच्याकडून दुप्पट. मार्गावर तर नावच काढू नका. पुरुष झाडामागे जातात, आम्ही आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी पितो. @निशिगंधा, तुमच्या यादीत हेही घाला.

सरावाचं म्हणाल तर रंकाळ्याभोवती पहाटे बरं असतं, माणसं असतात, ओळखीची होतात. बाहेरच्या रस्त्याला मात्र एकटीनं अंधारात जाववत नाही. माणसांची भीती एक, कुत्र्यांची दुसरी. कुत्र्यांवर माझा उपाय: पळणं थांबवायचं, चालायचं, नजर द्यायची नाही. दगड उचलल्यासारखं नुसतं वाकलं तरी बरीचशी मागे सरतात.

बदल होतोय हेही सांगते. पूर्वी टीशर्ट फक्त पुरुषांच्या मापाचे यायचे, घरी गेल्यावर फडकं व्हायचं. आता बऱ्याच ठिकाणी नोंदणीतच बायकांचं माप विचारतात. टॉयलेटची संख्या विचारणारं मात्र अजून कुणी भेटलं नाही.

---

स्वयंसेवक_एक

@कोल्हापुरी_ठसका, कुलूपबंद टॉयलेटचं खरं आहे, आणि मी स्वतः एकदा ते कुलूप तोडायला लावलंय. पुढच्या बैठकीत बायकांसाठी वेगळी संख्या मांडतो.

---

माणदेशी_पोरगा

सगळं वाचलं. राग मानू नका पण तुमच्या आणि आमच्या स्पर्धा येगळ्याच.

आमच्याकडं यात्रेला, जयंतीला, कुणाच्या वाढदिवसाला रोड रेस असते. खुला गट पाच नाहीतर दहा किलोमीटर, शाळेच्या पोरांची वेगळी, पोरींची वेगळी. फी पन्नास-शंभर, कधी काहीच नाही. बक्षीस रोख आणि ढाल. पहिल्या पाचात आलं तर पुढच्या दोन महिन्यांचा खुराक निघतो. मेडल सगळ्यांना हा प्रकार मी पुण्यात पहिल्यांदा बघितला, मला वाटलं माझा नंबर आला.

पळणारी निम्मी पोरं भरतीची. पोलीस भरतीला सोळाशे मीटर असतं, पाच मिनिटं दहा सेकंदाच्या आत आलं तर पुरे मार्क. सकाळ-संध्याकाळ ग्राउंड मारायचं, मधल्या वेळात शेतात नाहीतर अकॅडमीत. चिप-बिप काय नाय. वळणावर पंच उभा असतो, तो मनगटात रबर घालतो. रबर नसलं तर नंबर बाद. शेवटी एक माणूस आलेल्याला क्रमांकाची चिठ्ठी देतो. भांडणं होतात, मिटत्यात.

ललिता बाबर आमच्या माण तालुक्यातली, मोही गावची. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळ्यांची शर्यत) फायनलला दहावी आली. तिच्यानंतर आमच्याकडं पोरी पळायला लागल्या, आधी कोण पाठवत नव्हतं. आता सकाळी रस्त्याला पोरींची रांग दिसते आणि म्हाताऱ्यांनासुद्धा त्यात काय वाटत नाही.

आता तुमच्या शहरातल्या स्पर्धेचं. पंधराशे-दोन हजार फी. आमच्यातली दोघं-तिघं बक्षिसासाठी येतात, रात्रीच्या एसटीनं, स्टँडवर झोपून. एका ठिकाणी पहिल्या तिनाचं बक्षीस सहा महिन्यांनी मिळालं, तेपण फोन करकरून. मागच्यांना पाणी मिळत नाही हे खरं, पण पुढच्यांनापण पैसे मिळत नाहीत. मेडल मात्र वेळेत.

---

धपाधप

@माणदेशी_पोरगा, हे बोललास ते बरं झालं. बक्षीस थकवणारे मीही बघितलेत. आणि वयोगटातल्या बक्षिसासाठी दुसऱ्याच्या बिबवर (छातीवरचा नंबर) पळणारेही. पंचावन्नच्या गटात मिशी न फुटलेला पोरगा पहिला आलेला बघितलाय. दुसऱ्याचा बिब घालू नका हे सगळ्यांनाच सांगणं आहे. बक्षीस सोडा, रस्त्यात कोसळलात तर बिबच्या मागचा रक्तगट आणि घरचा फोन नंबर भलत्याच माणसाचा असतो.

---

घाटवाट

ट्रेलबद्दल कुणी फार लिहीत नाहीये म्हणून मी.

सिंहगड-राजगड-तोरणा ५३ किलोमीटर केलीय. अंतर ऐकून रोडवाले 'म्हणजे फुलपेक्षा अकरा जास्त' असा हिशेब करतात. तसा नसतो तो. तीन गड चढायचे आणि तिन्ही उतरायचे. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार आहे, तिथं डिसेंबरातही दुपारी सावली नसते, गवत वाळून गुळगुळीत झालेलं असतं आणि पाय टाकावा तिथला मुरूम सरकतो. ताशी चार किलोमीटर म्हणजे तिथं उत्तम वेग. वेल्ह्याला पोचेपर्यंत घड्याळाकडे बघायची इच्छा गेलेली असते. रोडवर मी मिनिटं मोजतो, तिथं फक्त पुढचं पाण्याचं ठिकाण मोजत होतो.

काही गोष्टी अनुभवातून. खुणेच्या फितींवर डोळे झाकून विसंबू नका. गुरं त्या खातात, पोरं खेळायला नेतात. दहा मिनिटं फीत दिसली नाही तर पुढे रेटू नका, शेवटच्या फितीपाशी परत या. ढोरवाटा मळलेल्या दिसतात आणि भलत्याच रानात नेतात. हेडलँप आणि शिट्टी 'सक्तीची' लिहिलेली असते ती उगाच नाही. गडाच्या कड्यांना आग्यामोहोळ असतं, तिथं अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. आणि एनर्जी जेलची रिकामी पाकिटं खिशात. आपण निघून जातो, तो डोंगर तिथल्या माणसांच्या गुरांचा असतो. बुटाचं म्हणाल तर रोडचा झिजलेला जोड ट्रेलला वापरू नका, तळाला खाचा हव्यात.

मागचा_बाक यांचा स्वीपर वाचून आनंद झाला. बऱ्याच ट्रेलमध्ये वाट आखणारी, पाणी वर नेणारी माणसं गावातलीच असतात. वीस लिटरचा जार खांद्यावर घेऊन गडावर चढणाऱ्याला कुणी मेडल देत नाही.

---

टेम्स_काठचा

इंग्लंडमध्ये राहतो. इथं दर शनिवारी सकाळी नऊला गावोगावच्या बागांत पार्करन असतं: पाच किलोमीटर, फुकट, २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमधून सुरू झालेलं. तुमच्या धाग्याशी संबंध असा की त्यात सगळ्यांच्या मागे चालायला एक स्वयंसेवक ठरलेला असतो. निकालात शेवटचा नंबर नेहमी त्याचाच. त्यामुळे पळायला आलेला कुणीच कधी शेवटचा येत नाही. आमच्या आईला गुडघ्याचा त्रास, ती इथं आली होती तेव्हा साडीवर जाकीट घालून चालली. तिच्या मागे तो स्वयंसेवक हवापाण्याच्या गप्पा मारत होता, ती त्याला मराठीतून उत्तरं देत होती. दोघांचं छान जमलं.

दुसरं टोक दक्षिण आफ्रिकेची कॉम्रेड्स, जिथं आपले पुण्या-मुंबईचे कितीतरी जण जातात. १९२१ पासूनची, डर्बन आणि पीटरमारित्झबर्गच्या मधली, नव्वदीच्या आसपास किलोमीटर. बारा तास झाले की फिनिशवर एक माणूस धावकांकडे पाठ करून बंदूक उडवतो. पाठ अशासाठी की कोण हुकतंय हे त्याला दिसू नये. एका सेकंदानं हुकलात तरी पदक नाही. @धपाधप, तुमच्या म्हणण्याइतकाच कडक कट-ऑफ. पण त्या बाराव्या तासाला लोक उठून गेलेले नसतात, पहिल्या नंबरला नसेल एवढा आरडाओरडा शेवटच्या पाच मिनिटांना असतो.

---

धपाधप

हां, हे मान्य. कट-ऑफ कडक ठेवा, पण तो संपेपर्यंत जागेवर थांबा. यावर मागचा_बाक आणि माझं एकमत व्हायला हरकत नाही.

---

मागचा_बाक

झालं एकमत. :) आता नोंदणीआधी मी आयोजकांना विचारणार: कट-ऑफ बंदुकीपासून की चटईपासून, पंधराच्या पुढच्या टेबलांना पाणी किती, बायकांसाठी टॉयलेट किती, गेल्या वर्षीची बक्षिसं कधी दिली. शेवटचे दोन प्रश्न मला सुचले नसते, ते कोल्हापूर आणि माणदेशचे. उत्तर आलं तर इथं टाकतो. नाही आलं तर तेही टाकतो.

@माणदेशी_पोरगा, तुमच्याकडच्या यात्रेच्या रेसला माझ्यासारखा माणूस चालेल का? पहिल्या पाचात यायचा धोका नाही.

---

माणदेशी_पोरगा

या की. खुला गट म्हणजे खुलाच. तुम्ही पोचेपर्यंत बक्षीस वाटप झालेलं असंल, पण जेवण सगळ्यांना असतं, पंगत दुपारपतोर चालू. पाणी दर किलोमीटरला, घरातनं बाया कळशी घेऊन उभ्या असत्यात. टॉयलेट शाळेतलं उघडं ठेवायला सांगतो.

---

अनु_ठाणेकर

मी पण! पंगत ऐकून.

---

मोजपट्टी

अंतर किती आहे, आणि कुणी मोजलंय?

---

माणदेशी_पोरगा

दहा म्हणत्यात. ग्रामसेवकाच्या गाडीच्या मीटरवर मोजलंय. साडेनऊ भरंल.

---

मोजपट्टी

येतो. सायकल घेऊनच येतो.